तोंडी संमती: कोणत्या भाषेत?

गेल्या पावसाळ्यात एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी मलमाच्या खोक्यातला घडीचा कागद घेऊन आमच्या मराठी विभागात आली. गर्भाशयमुखाच्या तपासणीत तिच्या पेशींमध्ये बदल आढळले होते आणि डॉक्टरांनी इमिक्विमॉड लिहून दिले होते. कागदावर मात्र हे मलम जननेंद्रियांवरील बाह्य चामखिळींसाठी असल्याचे छापलेले. गर्भाशयमुखावरील उपचाराचा उल्लेखच नाही. चूक औषधवाल्याची की डॉक्टरांची, एवढेच तिला विचारायचे होते. चूक औषधात नव्हतीच. एका विकारासाठी मान्यता मिळालेले औषध डॉक्टर दुसऱ्या विकारावर वापरतात, त्याला ‘ऑफ लेबल’ म्हणतात. हे तिला कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत पडले, की हा वैद्यकाचा प्रश्न आहे, मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात नाक खुपसू नये. या मताचा आम्ही आदरपूर्वक निषेध करतो.

अशा वापराला सरसकट ‘बायकांवरचे प्रयोग’ म्हणून ओरडणाऱ्यांत आम्ही नाही. व्हिएन्नातील २०१२ च्या चाचणीत, ५९ स्त्रियांपैकी इमिक्विमॉड घेतलेल्या ७३ टक्के जणींचे बदल ओसरले. औषधविरहित उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलची चाचणी मध्यम बदल असलेल्या ६० तरुणींवर झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले: औषधाने ९३ टक्के, नुसत्या देखरेखीने ५६. चाचण्या लहान आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. पेशींचा भाग कापून काढल्यास पुढे अकाली प्रसूतीचा धोका वाढतो; मूल हवे असलेल्या तरुणीला मलमाचा पर्याय मोलाचा वाटावा यात नवल नाही.

पण त्या ५६ या आकड्याकडे पाहा. काही न करता, केवळ लक्ष ठेवूनही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या होतात. शिवाय फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल गर्भाला घातक असल्याने उपचाराच्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. थांबणे, कापणे, मलम लावणे. आणि मलम लावायचे तर ते मान्यतेच्या बाहेरचे आहे. हे सारे त्या बाईला कळेल अशा वाक्यांत कोणी मांडायचे?

‘तिला काय कळणार?’ हे उत्तर जुने आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७६ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या पेशी बदललेल्या १,१५८ स्त्रियांना उपचार न देता केवळ न्याहाळले गेले. ७१ जणींचे बदल कर्करोगापर्यंत पोहोचले. १९९७ मध्ये हे उघड झाले, तेव्हा संशोधकांकडून सांगण्यात आले, की बहुतेक स्त्रिया निरक्षर, म्हणून लेखी नव्हे, तोंडी संमती घेतली. तोंडी! म्हणजे भाषेतच ना? मग कोणत्या शब्दांत? ‘तुमचा आजार वाढतो का ते आम्ही पाहत बसणार आहोत’ हे वाक्य त्या संमतीत होते का? निरक्षर माणसाला भाषा नसते, हा समज साहित्याच्या अध्यापकाने निमूट ऐकून घ्यावा?

आणि आपल्या बीडमध्ये काय झाले? २०१९ च्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, असे सांगितल्याचे अनेकींनी सांगितले. तिथे मराठी होती, अगदी सोपी मराठी होती. फक्त ‘बदल’ आणि ‘कॅन्सर’ यांतले अंतर त्या मराठीने पुसून टाकले होते. पेशी बदलणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे एक वाक्य कितीजणींच्या कानी पडले असेल?

परिभाषा घडवणाऱ्यांवरही आमचा राग आहे. गर्भाशयग्रीवा-अंतःउपकला-अर्बुदता, अशी जोडाक्षरांची माळ आम्हीही पाच मिनिटांत ओवून देऊ. तिने दवाखान्यातले काम होत नाही, फार तर शब्दकोशाची पाने वाढतात.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अर्धे पान मराठी लिहिले. तासभर लागला, ‘ओसरणे’ की ‘मागे हटणे’ यावरून वादही झाला. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘सर, म्हणजे मी काही महिने थांबले तरी चालेल का?’’ उत्तर देणे आमच्या अधिकारात नव्हते. तो प्रश्न आम्ही तिच्याच हाताने खाली लिहून घेतला आणि कागद घेऊन तिला डॉक्टरांकडे परत पाठवले.