परसातील संधिविग्रह

गेल्या महिन्यातील आमचे टिपण वाचून एका भगिनीने पत्र धाडिले आहे. त्यांच्या परसात तीन हंस आणि पाचसहा बदके आहेत. हंस बदकांस पाण्याजवळ फिरकू देत नाहीत, पिसे उपटतात, आणि घरातील वडील मंडळी म्हणतात की, दोहोंपैकी एक जात विकून टाकावी. मुलांचा जीव मात्र दोहोंवर सारखाच. "तुम्ही पुष्कळ दिवस ही पाखरे पाळीत आहा, काय करावे ते सांगा," असे त्यांनी आम्हांस विचारिले आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु अशाच प्रश्नावरून आमच्या वाड्यात दोन चुली होण्याची वेळ आली होती. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहो.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गापासून फार दूर नाही. हा मुलूख पाण्याचा नव्हे. १९७२ चा दुष्काळ आम्ही बारा वर्षांचे असताना डोळ्यांनी पाहिला आहे. अशा कोरड्या गावात हंस आणि बदके आली ती हौसेने. थोरल्या सूनबाईंच्या बंधूंनी हंस आणून दिले. परक्या माणसाची चाहूल लागताच ते आरडाओरडा करितात, म्हणून मळ्याच्या राखणीस बरे, असा त्यांचा हेतू. धाकट्या सूनबाई कोकणातल्या. त्यांच्या माहेरी दारापुढे तळे. तेथून त्यांनी बदकांची पिले करंडीतून आणिली. आमच्या चुलीवर अंडे चढत नाही. जी उबविली जात नाहीत ती मळ्यावरच्या गड्याच्या घरी जातात. पण बदके मळ्यातील गोगलगायी आणि किडे वेचून खातात, आणि दुसरे म्हणजे सूनबाईंस माहेरचे काही तरी डोळ्यांपुढे राहते. आम्हांस हे दुसरे कारण पहिल्याहून मोठे वाटे.

पावसाळा व हिवाळा सुखाने गेला. वैशाखात विहीर आटली, टँकर दोन दिवसांआड येऊ लागला, आणि परसात सर्व पाखरांस मिळून एकच दगडी डोणी उरली. थोरला नर हंस तिच्यापाशी मान लांबवून उभा राही आणि बदक आले की फूत्कार करून अंगावर धावे. एके दिवशी सकाळी खुराडे उघडले तो एक बदकी मरून पडलेली. मानेची मागली बाजू सोललेली आणि पाठीवर जखमा.

धाकट्या सूनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, माझ्या माहेरचे होते म्हणूनच त्याचा जीव स्वस्त झाला." त्यावर थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "अगं, हंसाला काय मी शिकवून पाठविले होते?" झाले, दोघींचे बोलणे बंद पडले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घागरी वेगळ्या, तिसऱ्या दिवशी मुलांचे दूध वेगळे. आठवडा संपण्यापूर्वी धाकट्या चिरंजीवांनी आमच्याशी स्वतंत्र स्वयंपाकघराची गोष्ट काढिली. एवढे मोठे कारण एका बदकात नसते, हे आम्हांस कळत होते. आत साचलेले पुष्कळ असते; बदक निमित्त होते.

त्या वेळी आम्ही काय केले? बत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाने जे करावे तेच केले. छडी घेतली आणि हंसास दोन तडाखे दिले. परिणाम असा झाला की, त्या दिवसापासून तो बदकांवर धावे तो धावेच, शिवाय आम्हांवर आणि आमच्या चार वर्षांच्या नातीवरही धावू लागला. मार खाल्लेला हंस भीत नाही. मारणारास तो आपला प्रतिस्पर्धी नर समजतो. हे आम्हांस नंतर कळले.

मग आम्ही छडी ठेवून वही घेतली. चार दिवस बाजेवर बसून कोणती झुंज कोठे, केव्हा आणि कोणाची, हे टिपले. जे दिसले त्याने आमची मान खाली गेली. हंसाच्या बहुतेक झटापटी डोणीवर, काही दाण्याच्या टोपल्याशी, आणि उरलेल्या तिन्हीसांजेस खुराड्याच्या दाराशी. तेथे सर्वांस एकाच अरुंद वाटेने आत शिरावे लागे. मैदानात, चरावयाच्या वेळी, तो बदकांकडे ढुंकूनही पाहत नसे. परंतु खुराड्यात निराळेच चालले होते. आमच्याकडे माद्या चार आणि नर तीन होते. नर बदक मादीची मान मागून चोचीत धरून तिच्या पाठीवर चढतो. नर फार असले म्हणजे त्याच त्या मादीस पुन्हा पुन्हा धरितात, तिची मान सोलून निघते, आणि कोंडलेल्या जागेत तिला पळावयास वाट नसते. मेलेल्या बदकीच्या मानेवरील जखम हंसाची नव्हतीच. आम्ही निरपराध विद्यार्थ्यास शिक्षा केली होती.

येथे आणखी एक पेच पडला. अपराधी ठरले ते धाकट्या सूनबाईंचे नर. ही गोष्ट चारचौघांत सांगितली असती तर एका सुनेची मान वर आणि दुसरीची खाली झाली असती. म्हणून आम्ही ती वही एकट्या धाकट्या सूनबाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, "बाळ, चूक नरांची नाही आणि तुझी तर नाहीच, किती नर ठेवावेत हे मी वेळेवर वाचले नाही, ही चूक माझी." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढे स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी जावेस आपण होऊन काय सांगितले, ते आम्ही ऐकिले नाही. ऐकण्याचा आमचा अधिकारही नव्हता.

आता उपायांकडे वळू. नारायणपंडिताच्या हितोपदेशात विग्रह आणि संधि अशी दोन प्रकरणे आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथील युद्ध पाणपाखरांचा राजा हिरण्यगर्भ राजहंस आणि मयूरराजा चित्रवर्ण यांच्यात जुंपते, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास दीर्घमुख नावाच्या एका बगळ्याच्या बडबडीत सापडते. कोणाच्या घरातला कलह याहून फार निराळ्या रीतीने सुरू होतो? राजहंसाचा मंत्री मात्र चक्रवाक आहे. म्हणजे ज्यास आज ब्राह्मणी बदक म्हणतात तोच पक्षी. हंस आणि त्याच्या पदरी शहाणे बदक, ही कल्पना त्या काळच्या पंडितास विसंगत वाटली नाही. ती निसर्गातही विसंगत नाही. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस येतात. त्यांपैकी काही ७००० मीटरांहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. त्याच काठी चक्रवाकही उतरतात. दोघे शेजारी शेजारी चरताना दिसतात. कारण उघड आहे. तेथे काठ लांब आहे, पाणी अफाट आहे, आणि ज्यास नको असेल तो दहा हात सरकू शकतो. आमच्या परसात एक डोणी होती.

शास्त्रकारांचे चार उपाय त्याच क्रमाने सांगतो.

साम. नवी पाखरे जुन्यांत एकदम सोडू नयेत. मध्ये तुराट्यांचा कुड घालून आठपंधरा दिवस एकमेकांस दिसतील परंतु चोच पोचणार नाही असे ठेवावे. शक्य असल्यास पिले लहानपणापासून एकत्र वाढवावी. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसाच्या पिलांचा पुष्कळ अभ्यास केला. अंड्यातून निघताच पिलू ज्यास प्रथम पाहते त्याच्यामागे ते चालू लागते, हे त्याने १९३५ साली सविस्तर मांडिले. पुढे १९७३ साली त्यास इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. बालपणीची ओळख पाखरांतही खोल जाते. तरीही वयात आलेला नर हंस थोडा मानी होतोच, हे लक्षात ठेवावे.

दान. हा सर्वांत मोठा उपाय. पाण्याची आणि दाण्याची भांडी एकमेकांपासून दूर, निदान दोन ठिकाणी, आणि जमल्यास एक अधिकच ठेवावे. एक हंस एकाच वेळी दोन भांड्यांवर पहारा करू शकत नाही. पाणी पोहण्यापुरते नसले तरी चालेल; पण डोके पूर्ण बुडून डोळे व नाकपुड्या धुता येतील इतके खोल हवे. आमच्याकडे दोन जुनी घंगाळे पुरली. हंस मुळात गवत खाणारा. त्यास चरावयास लसूणघास किंवा हिरवळ असली की दाण्याच्या टोपल्यावरचा त्याचा लोभ कमी होतो. बदक चिखल आणि पाणी चाळून खाणारे. त्यास किडे, गोगलगायी व भिजवलेला भरडा द्यावा. हंसाच्या वाढत्या पिलांस फार पौष्टिक दाणा सतत घातल्यास पंखाचे टोक बाहेर वळते, म्हणून त्यांचे टोपले निराळेच असावे. दोघांचा आहार निराळा आहे हीच देवाची कृपा समजावी. भांडण लावितो तो आपण, एकच टोपले ठेवून.

भेद. राजनीतीत भेद म्हणजे शत्रूत फूट पाडणे. पंडितांची क्षमा मागून आम्ही येथे त्याचा अर्थ निराळी जागा असा करितो. रात्री दोघांस वेगवेगळे कोंडावे आणि दारेही दोन असावी. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून आत पाणीमहाल केला आहे. पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे ते नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांनी खाली पडते. एका वाटेवर सारा भार येऊ द्यावयाचा नाही, ही जुनी युक्ती परसातही चालते. शिवाय अंडी घालण्याचे दिवस आले की नर हंस घरट्याजवळ कोणासही सहन करीत नाही. हंसी उबवीत असते ते सुमारे तीस दिवस आणि पिले लहान असतात तोवर त्या जोडप्यास आडोशाची स्वतंत्र जागा द्यावी. बदकीची अंडी सुमारे अठ्ठावीस दिवसांत फुटतात. तिलाही तोच मान द्यावा.

दंड. मारू नये, हे वर सांगितलेच. दंड म्हणजे संख्येचा विचार. एका नर बदकामागे पाचसहा माद्या, आणि एका नर हंसामागे तीन ते पाच, हे प्रमाण बरे. जास्तीचे नर वेळीच दुसऱ्या घरी द्यावेत. खोलगट पाण्यात जड नर लहान मादीस बुडवू शकतो, म्हणून नर हंस बदकीच्या मागे लागताना दिसला तर त्यांस वेगळे करण्यात दिरंगाई करू नये. एखादा फारच दांडगा असेल तर त्यास चार दिवस नजरेआड ठेवावे. कोंबड्यांत चोच मारण्याचा क्रम ठरलेला असतो, असे नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे यांनी १९२२ च्या सुमारास दाखविले. कळपाबाहेर राहून परतलेल्या पाखराचा तो मान बहुधा ओसरतो, आणि परत आल्यावर ते काही दिवस तरी नरमाईने वागते.

आम्ही दोन नर बदके आणि एक नर हंस योग्य त्या घरी दिले, घंगाळे मांडली, खुराड्यात मध्ये कुड घातला व दुसरे दार पाडिले. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा. सर्व खोड्या थांबल्या असे आम्ही म्हणणार नाही. माघात तो हंस आजही आखडतो, आणि आम्हांस पाहून मान लांबवितो. छडी त्याच्या स्मरणात आहे. त्याच्याजवळून जाताना आम्ही आता दोन्ही हात मोकळे दाखवितो.

मृगाचा पाऊस पडला त्या दिवशी परसात एक गोष्ट पाहिली. विहिरीस पाणी आले नव्हते, टँकर चालूच होता. सकाळी थोरल्या सूनबाई घागर घेऊन आल्या आणि त्यांनी आधी कुडापलीकडचे, बदकांचे घंगाळ भरले. थोड्या वेळाने धाकट्या सूनबाई आल्या. त्यांनी हंसांचे भरले. दोघींनी याविषयी चकार शब्द काढिला नाही, आणि आम्हीही विचारिले नाही. चूल एकच आहे.

तेव्हा त्या भगिनीस आमचे उत्तर असे की, आपल्या वडील मंडळींस आमचा नमस्कार सांगावा आणि पाखरे विकण्यापूर्वी पंधरा दिवसांची मुदत मागून घ्यावी. त्यांतील पहिले चार दिवस काहीही न बदलता फक्त वही घेऊन बसावे. कोण मारतो हे पाहण्याआधी कोठे मारतो ते पाहावे. मग एक भांडे वाढवावे आणि नर मोजावेत. पुष्कळदा तेवढ्याने भागते; न भागल्यास पुन्हा लिहावे.

पुढील महिन्यात तुराट्यांचा कुड वाळवी न लागता दोन पावसाळे कसा टिकवावा, हे सांगू.