विश्लेषण : लूप आणि रेकॉर्डिंगची सांगड… हळदीच्या गाण्यात धवलारिणीच्या आवाजाचे काय होते?

जुईनगर स्थानकाजवळचे शिरवणे हे नवी मुंबईच्या मूळ गावांपैकी एक. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी गेल्या आणि शेती-मिठागरांच्या जागी सेक्टर आले. आगरी-कोळी लग्नातली हळद आणि तिची गाणी मात्र टिकली. आज असे गाणे करायला मोठा स्टुडिओ लागत नाही. एक संगणक, एक माइक, तयार ठेक्यांचे सॉफ्टवेअर आणि आवाज टिपणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर घरच्या खोलीत काम होते. २०२४ मध्ये संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ गाजले. यातले दुसरे गाणे ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या डच कंपनीने प्रकाशित केले. त्यामुळे संगणकावरचा ठेका आणि मराठी आवाज यांची सांगड हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. ही सांगड कशी बसते आणि ती बसवताना मूळ गाणाऱ्याचे काय होते, याचा आढावा.

लूप म्हणजे नेमके काय?

लूप म्हणजे संगीताचा छोटा तुकडा, जो पुन्हा पुन्हा वाजवला तरी सांधा कळत नाही. ढोलकीच्या चार मात्रा टिपल्या, नेमक्या जागी कापल्या आणि एकामागे एक लावल्या की अख्ख्या गाण्याचा ठेका तयार होतो. वेग मिनिटाला १०० मात्रा असेल, तर चार मात्रांचा लूप २.४ सेकंदांचा होतो. चार मिनिटांच्या गाण्यात तो १०० वेळा वाजतो.

१९९८ मध्ये ‘सॉनिक फाउंड्री’ने ‘ॲसिड’ हे सॉफ्टवेअर आणले. वेगवेगळ्या वेगाचे आणि पट्टीचे लूप ते आपोआप एकमेकांशी जुळवून घेत असे. त्याच सुमारास बेल्जियममधील ‘इमेज-लाइन’चे ‘फ्रुटीलूप्स’ आले, तेच आजचे ‘एफएल स्टुडिओ’. २००१ मध्ये ‘एबलटन लाइव्ह’ आणि २००४ मध्ये ॲपलचे ‘गराजबँड’ आले. रिहानाच्या २००७ मधील ‘अम्ब्रेला’ या गाण्याचा ठेका गराजबँडमधल्या तयार लूपवर उभा आहे. तो लूप ते सॉफ्टवेअर असलेल्या कोणालाही वापरता येतो.

मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग वेगळे कसे?

मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतंत्र पट्टा असतो. गायिका एका पट्ट्यावर, कोरस दुसऱ्यावर, संबळ तिसऱ्यावर. एकाची चूक झाली तर बाकीच्यांना हात न लावता तेवढाच भाग पुन्हा घेता येतो. ‘प्रो टूल्स’, ‘क्यूबेस’, ‘रीपर’ आणि मोफत मिळणारे ‘ऑडॅसिटी’ ही या घराण्यातली नावे.

दोन्हींच्या विचारात मूलभूत फरक आहे. लूपचे सॉफ्टवेअर वेळ मात्रांमध्ये मोजते, तर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर मुळात सेकंदांमध्ये. एकात आधी चौकट असते आणि आवाज तिच्यात बसतो. दुसऱ्यात आधी माणूस गातो, मग मोजमाप होते. आता एफएल स्टुडिओत आवाज टिपता येतो आणि क्यूबेसमध्ये लूप लावता येतो, त्यामुळे दोन्हींमधली भिंत पातळ झाली आहे. तरी ठेका एका सॉफ्टवेअरमध्ये आणि आवाज दुसऱ्यात, अशी कामाची विभागणी आजही होते.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण वेगाची. ठेका मिनिटाला १०० मात्रांचा असेल आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून १०१ ठेवले गेले, तर सुरुवातीला फरक जाणवत नाही. मात्र चार मिनिटांच्या शेवटी दोन्हींमध्ये जवळपास २.४ सेकंदांचे, म्हणजे चार मात्रांचे अंतर पडलेले असते.

दुसरी अडचण नमुनादराची. आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा की ४८,००० वेळा, हे दोन्हीकडे सारखे हवे. ४४,१०० ची फाइल चुकून ४८,००० च्या दराने वाजली, तर चार मिनिटांचे गाणे सुमारे ३ मिनिटे ४० सेकंदांत संपते आणि गायिकेचा आवाज जवळपास दीड अर्धस्वर वर चढतो.

तिसरी अडचण उशिराची. गायिका हेडफोनमध्ये ठेका ऐकून गाते. तिचा आवाज संगणकातून फिरून तिच्या कानात परत यायला वेळ लागतो. संगणकाने एका वेळी ५१२ नमुने साठवायचे ठरवले, तर एका फेरीतच सुमारे १२ मिलिसेकंद जातात आणि आत येताना व बाहेर जाताना ते वाढतात. गाणाऱ्याला हा उशीर खटकतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी हा आकडा कमी आणि मिश्रणाच्या वेळी जास्त ठेवतात.

‘रीवायर’ बंद झाल्यावर पर्याय काय?

दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी, एकाच घड्याळावर चालवण्यासाठी स्वीडनच्या ‘प्रोपेलरहेड’ने १९९८ मध्ये ‘रीवायर’ हे तंत्र आणले. एकात ‘सुरू’ दाबले की दुसरेही त्याच मात्रेवर सुरू होई. कंपनीने २०२० अखेर त्याला रामराम ठोकला आणि जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांना नवी वाट शोधावी लागली.

आज तीन वाटा आहेत. पहिली, एफएल स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत प्लगइन म्हणून उघडणे. दुसरी, २०१६ मध्ये आलेले ‘एबलटन लिंक’. ते एकाच नेटवर्कवरील उपकरणांचा वेग आणि मात्रा जुळवते. तिसरी वाट सर्वांत साधी आणि खात्रीची आहे. प्रत्येक वाद्याचा पट्टा गाण्याच्या अगदी पहिल्या मात्रेपासून, मध्ये शांतता असली तरी तिच्यासह, वेगळ्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये काढायचा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग सारखा ठेवून सगळ्या फाइल शून्यावर ठेवल्या की त्या आपोआप जुळतात. ‘एमपी३’ इथे टाळलेले बरे, कारण त्या फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा जोडली जाते आणि लुपाचा सांधा ऐकू येतो.

‘बिटविग’ आणि ‘प्रीसोनस’ या कंपन्यांनी २०२३ मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ हे खुले स्वरूपही आणले आहे. त्यात संपूर्ण प्रकल्प एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो. मात्र दोन्ही सॉफ्टवेअरनी ते स्वीकारलेले असावे लागते.

आवाज लुपात बसवायचा की लूप आवाजामागे न्यायचा?

तंत्राचा प्रश्न सुटला की खरा प्रश्न सुरू होतो. आगरी लग्नात धवलारीण धवला गात विधी पुढे नेते. धवला सहसा घड्याळाच्या ठेक्यावर चालत नाही. शब्द आणि विधी यांच्या चालीने तो सरकतो, श्वास लागला की थांबतो. असा आवाज १०० मात्रांच्या लुपावर ठेवायचा, तर सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर ओढून-ताणून जवळच्या मात्रेवर नेते. गाणे नाचायला सोपे होते, पण जिथे ती मुद्दाम रेंगाळली होती ती जागा हरवते.

उलटी पद्धतही शक्य आहे. आधी धवला ठेक्याविना टिपायचा. मग बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असलेला ‘टेम्पो मॅप’ वापरून मात्रांच्या खुणा तिच्या गाण्यानुसार पाडायच्या. वेग कुठे ९६, कुठे १०२ होईल आणि लूप त्याप्रमाणे ताणला-आखडला जाईल. यात वेळ जास्त जातो, पण चौकट गाणारी ठरवते. मधला मार्गही आहे : धवला सुरुवातीला मोकळा ठेवायचा आणि ठेका नंतर, नाचाच्या भागात आणायचा.

लूप कोणाचा, गाणे कोणाचे?

‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे मालकी मिळाली असे नव्हे. गराजबँडचे लूप स्वतःच्या रचनेत वापरून गाणे विकता येते, पण तोच लूप सुटा विकता येत नाही. शिवाय तो हजारोंकडे असतो. म्हणूनच अनेकांना परवाना दिलेले लूप यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत मालकीचा दाखला म्हणून देता येत नाहीत. तरीही कोणी तसे केले, तर त्याच लुपावरच्या दुसऱ्याच्या गाण्यावर दावा लागतो आणि जाहिरातीचे उत्पन्न अडकते. लूप कुठून, कोणत्या परवान्यावर घेतला याची पावती जपणे म्हणूनच महत्त्वाचे.

‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्याचे उदाहरण बोलके आहे. लिल नॅस एक्सने त्याचा ठेका ३० डॉलरना ऑनलाइन घेतला. त्या ठेक्यात ‘नाइन इंच नेल्स’च्या २००८ मधील रचनेचा तुकडा होता. गाणे २०१९ मध्ये गाजले आणि मूळ रचनाकारांना रीतसर श्रेय द्यावे लागले.

आता जुन्या कॅसेटमधून गायकाचा आवाज वेगळा काढणेही सोपे झाले आहे. ही सोय २०२३ मध्ये एफएल स्टुडिओत आणि २०२४ मध्ये ॲपलच्या ‘लॉजिक प्रो’त आली. पण आवाज वेगळा निघतो म्हणून तो मोकळा होत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो.

धवलारिणीचा हक्क काय?

परंपरेने आलेल्या धवल्याचा कवी अज्ञात असतो, त्यामुळे त्या शब्दांवर कोणी मालकी सांगणे कठीण. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्याचे स्थान भक्कम झाले. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्कही त्याला आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

व्यवहारात लग्नघरात मोबाइलवर टिपलेला आवाज पेन ड्राइव्हवरून एका संगणकात जातो, तिथून डीजेकडे आणि मग यूट्यूबवर. या प्रवासात ठेका करणाऱ्याचे नाव राहते, गाणारीचे अनेकदा ‘पारंपरिक’ या एका शब्दात विरघळते. मल्टिट्रॅकमध्ये तिचा पट्टा वेगळा असल्याने कोण काय गायले याची नोंद ठेवणे खरे तर सोपे आहे. पट्ट्याला ‘ट्रॅक ३’ऐवजी गाणारीचे नाव द्यायचे, तारीख लिहायची, मूळ न कापलेली फाइल जपायची आणि एका पानावर सही घ्यायची. एवढे केले तर शिरवण्यातल्या खोलीत तयार झालेले गाणे उद्या कितीही गाजले, तरी त्यातला कोणता भाग विकतचा आणि कोणता गावचा, हे सांगता येईल. लूप उद्या पुन्हा विकत मिळेल. धवला पाठ असलेली धवलारीण मात्र पुन्हा मिळेलच असे नाही.