पटावरचे नाव

नरसी नामदेवच्या एखाद्या कर्णबधिर मुलीचे नाव गावातल्या शाळेच्या पटावर चढले, की तिच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला असे मानणारे पुष्कळ आहेत. शासनही त्यांतलेच. आम्हांस हे मान्य नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. १९९५ च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देऊ केले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलावर सोपवली. मात्र तो हक्क किमान चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याला बांधलेला. तेव्हा आधी मजुरी बुडवून दाखल्यापायी हेलपाटे घालणे आले. त्याच कायद्याचे कलम १६ तर मुळातून वाचावे. समावेशक शिक्षण मिळावे म्हणून शासन ‘प्रयत्न’ करील, अशी त्याची भाषा आहे. (करवसुलीच्या कायद्यात असा प्रयत्न कोणी पाहिला आहे काय?)

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष विद्यार्थ्यांमागे विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करायला सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले की, पदे मंजूर करा, जाहिरात द्या. मधल्या साडेतीन वर्षांत पहिलीतले मूल चौथीत गेले. दरम्यान, २०२२ साली, आपल्या राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग मात्र निघाला.

खरा वाद पुढे आहे. अमेरिकेत १९८२ साली एमी राउली या कर्णबधिर मुलीला वर्गात दुभाषी नाकारताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाचा काही लाभ होतो आहे एवढे पुरे मानले. २०१७ साली त्याच न्यायालयाने नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती हवी, असे म्हटले. ही पट्टीही सैलच, पण पट्टी आहे. आमचे कलम १६ प्रगतीवर लक्ष ठेवायला सांगते. किती प्रगती झाली म्हणजे कर्तव्य पार पडले, हे सांगत नाही. मग ढकलपास हीच प्रगती ठरते.

ज्यांचे हे जन्मगाव मानतात त्या नामदेवांची एकसष्ट पदे पंजाबीभाषकांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. इथल्या मुलीच्या खुणांची भाषा तिच्याच वर्गातल्या फळ्यापर्यंत पोचू नये?

जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर विशेष शिक्षक महिन्यात कोणत्या तारखांना आले आणि किती तास थांबले, हे लिहावे. मुलांची नावे नकोत. यास नवा कायदा लागत नाही, खडू लागतो.