विश्लेषण : इटलीपासून वेगळे व्हायचे म्हणणाऱ्या दक्षिण टिरोलमधील पक्षाची मते का वाढली?

इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून दक्षिण टिरोल हा प्रांत आहे. लोकसंख्या जेमतेम सव्वापाच ते साडेपाच लाख. त्यात सुमारे ६९ टक्के जर्मन भाषक, २७ टक्के इटालियन आणि साधारण ४ टक्के लादिन ही जुनी डोंगरी भाषा बोलणारे. ऑक्टोबर २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत इथे ‘झ्युड-टिरोलर फ्रायहाइट’ (दक्षिण टिरोलचे स्वातंत्र्य) या पक्षाला जवळपास ११ टक्के मते आणि ३५ पैकी ४ जागा मिळाल्या. २०१८ मध्ये जागा दोनच होत्या. पक्षाची घोषणा अशी : ‘दक्षिण टिरोल म्हणजे इटली नव्हे’.

गंमत अशी की हा इटलीतील सर्वांत संपन्न प्रांतांपैकी एक आहे. इथे गोळा होणाऱ्या करातील सुमारे नव्वद टक्के रक्कम प्रांतातच राहते. मग तक्रार कशाची?

जुनी जखम कोणती?

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सँ-जर्मां करारान्वये ऑस्ट्रियाचा हा भाग इटलीला मिळाला. स्थानिकांना कोणी विचारले नाही. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांना घराघरांत चोरून जर्मन शिकवले जाई. एत्तोरे टोलोमेई या राष्ट्रवाद्याने गावे, नद्या, डोंगर यांना इटालियन नावे दिली. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मनीत निघून जा किंवा इथे राहून इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय निवडला. प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार लोक गेले. राहणारे आणि जाणारे यांच्यातली कटुता घराघरांत शिरली.

१९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात स्वायत्ततेचा करार झाला, पण रोमने तो अर्धामुर्धाच पाळला. जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे ३७ मनोरे स्फोटांनी उडवण्यात आले. या सशस्त्र चळवळीतील एक प्रमुख नाव गेऑर्ग क्लोत्झ. त्यांची मुलगी एफा क्लोत्झ यांनीच २००७ मध्ये हा पक्ष स्थापन केला. पक्षाचा मार्ग मात्र मतपेटीचा आहे.

स्वायत्तता मिळाली, मग?

१९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने चित्र पालटले. प्रत्येक नागरिक आपला भाषिक गट जाहीर करतो आणि सरकारी नोकऱ्या त्या प्रमाणात वाटल्या जातात. शाळाही भाषेनुसार वेगळ्या. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले.

या व्यवस्थेने शांतता आणली यात शंका नाही. पण तिने दोन समाजांमधले कुंपणही पक्के केले. मूल कोणत्या शाळेत जाते, नोकरी कोणत्या कोट्यातून मिळते, हे सारे भाषेवर ठरते. त्यामुळे ‘आपण आणि ते’ ही भाषा कधी जुनी होत नाही. फ्रायहाइटसारखा पक्ष याच जमिनीवर उभा आहे. टोलोमेईची इटालियन नावे आजही अधिकृत असल्याने त्याला हातात धरायला ठोस मुद्दाही मिळतो.

मग आताच मते का वाढली?

स्वातंत्र्याची ओढ अचानक दुपटीने वाढली, असे मानणे घाईचे ठरेल. खरे कारण ‘एसव्हीपी’ या सत्ताधारी पक्षाची घसरण हे दिसते. १९४५ पासून जर्मन भाषकांचा तोच एकमेव छत्रपक्ष होता. २०१३ मध्ये त्याच्या १७ जागा होत्या, २०२३ मध्ये १३ उरल्या. नाराज मतदार वेगवेगळ्या पक्षांकडे वळले, काही फ्रायहाइटकडे. स्वेन नोल यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने प्रचारात स्थलांतरितांचा मुद्दाही तापवला, म्हणजे रोमविरोधाला नवे विरोधक जोडले. निवडणुकीनंतर एसव्हीपीने जॉर्जिया मेलोनी यांच्या ‘ब्रदर्स ऑफ इटली’ला प्रांतिक सरकारात सोबत घेतले. या पक्षाची मुळे युद्धोत्तर नवफॅसिस्ट चळवळीत असल्याने अनेक जर्मन भाषकांना हे खटकले. फ्रायहाइटला याहून सोयीचा मुद्दा मिळाला नसता.

वेगळे होणे शक्य आहे का?

कायद्याने जवळपास नाही. इटलीची राज्यघटना देशाला ‘एक आणि अविभाज्य’ म्हणते आणि २०१५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने व्हेनेटो प्रांताचा स्वातंत्र्यविषयक सार्वमताचा कायदा रद्द केला. फ्रायहाइटने २०१३-१४ मध्ये स्वतःच अनौपचारिक मतदान घेतले. सुमारे ६१ हजार लोकांनी भाग घेतला, ९२ टक्क्यांनी स्वयंनिर्णयाला कौल दिला. पण बहुतेक मतदारांनी भागच घेतला नव्हता. शिवाय शेंगेन करारामुळे ब्रेनर खिंडीतले सीमानाके १९९८ मध्येच उठले आणि चलनही दोन्हीकडे युरोच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र कायद्याचा नाही. राजधानी बोल्झानोत सुमारे पाऊणशे टक्के लोक इटालियन भाषक आहेत. बहुमताने प्रांत वेगळा झाला, तर अल्पसंख्याक होण्याची पाळी त्यांच्यावर येईल. शंभर वर्षांपूर्वी जर्मन भाषकांना कोणी विचारले नव्हते. बोल्झानोच्या या रहिवाशांना कसे विचारणार, याचे समाधानकारक उत्तर पक्षाच्या मांडणीत सापडत नाही.