तबल्यावर कोण आहे?

मी पेटीची साथ करतो. सांगलीत राहतो, मैफली असतील तिथे जातो. सीडी हातात आली की मुखपृष्ठावरच्या गायकाआधी मी आतलं कार्ड उलटतो आणि तळाची बारीक अक्षरांतली ओळ शोधतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण. अलीकडे ओळखीतली बरीच मंडळी घरातल्या सीडींच्या फाइली करून घेत आहेत, आणि करायलाच हव्यात. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतो, जुना प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. पण काम उरकलं की डबी आणि कार्ड रद्दीत जातं, आणि संगणकावर उरतं 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02'. आवाज वाचतो, माणसं पुसली जातात. याला माझा विरोध आहे.

गाण्याच्या सीडीत कलाकाराचं नाव सहसा भरलेलंच नसतं. तिच्यात आवाज असतो आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद असते. संगणकावर जी नावं उमटतात, ती इंटरनेटवरच्या याद्यांमधून येतात. ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखली जाते आणि आधी कुणीतरी भरून ठेवलेला मजकूर तिला चिकटतो. त्यात संगीताचा प्रकार 'वर्ल्ड' असा पडतो. भीमसेनजींचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून ते तीन फोल्डरांत विखुरतात. साथीदारांसाठी तर बहुतेक वेळा रकानाच नसतो. एखाद्या संगीतसभेने वर्धापनदिनाला थोड्याच प्रती काढलेल्या असतील, तर ती सीडी कुठल्याच यादीत सापडत नाही. माझ्या लेखी खरा ठेवा तोच आहे.

नावाची किंमत जुन्या लोकांना चांगली कळत होती. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर योग्य नाव लावता यावं यासाठी ही सोय होती. इनमिन तीन मिनिटांच्या तबकडीतले काही क्षण नावासाठी राखले गेले. आपल्याकडे आज जागेची काहीच टंचाई नाही.

शास्त्रीय संगीतावर सीडीचे उपकार मोठे आहेत. एलपीची बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपे, कॅसेट ऐन रंगात उलटावी लागे. सीडीने सव्वा तास सलग दिला, आणि ख्याल मैफलीत गातात तसा घरी ऐकता येऊ लागला. त्यामुळेच साथही नीट ऐकू येऊ लागली. गायक दम घेतो त्या क्षणी पेटीने किती भरायचं, कुठला सूर धरून थांबायचं, गायक पुन्हा उचलतो तेव्हा किती मागे सरायचं, हे कुठल्याही पुस्तकात शिकवता येत नाही. ते ऐकूनच येतं. आणि शिकणाऱ्या मुलाला पेटीवर अप्पा जळगावकर आहेत की पुरुषोत्तम वालावलकर, हेच कळलं नाही, तर तो कुणाचं वळण उचलतोय ते त्याला कसं समजणार? कुमारजींच्या गाण्यामागे वसंतराव आचरेकरांचा तबला कसा चालतो, हे त्यांचं नाव माहीत असेल तरच शोधून ऐकता येतं. मैफलीची तारीख कुठे लिहिलेली नसेल, तर जाणकार साथीदारांवरून तिचा काळ ठरवतात. ती तळाची ओळ म्हणजे आमच्या परंपरेची वही आहे.

"सगळं तर नेटवर आहे की," असं म्हणणारे भेटतात. सगळं नाही. लहान कंपन्यांनी काढलेलं पुष्कळ तिथे कधी आलंच नाही, आणि आलेलं करार संपल्यावर निघूनही जातं. तुम्ही पैसे देऊन घेतलेली सीडी मात्र तुमची आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापराला मुभा देतं. प्रती वाटायला किंवा विकायला नाही.

फाइली फ्लॅक प्रकारात करा. एमपी3 मध्ये आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिला जातो, फ्लॅकमध्ये काही जात नाही. शिवाय विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असले तरी गाणं अखंड चाललेलं असतं. एमपी3 मध्ये त्या सांध्यावर अनेकदा बारीकसा खंड पडतो, आणि मागे तंबोरा सतत झंकारत असल्याने तो कानाला लगेच टोचतो. फ्लॅकची एक सीडी साधारण 300 ते 400 एमबी होते, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर 500 सीडी मावून भरपूर जागा उरते. हवे तेवढे रकाने जोडता येतात, मजकूर देवनागरीत लिहिता येतो. राग, ताल, साथीदार, गाव, साल, सगळं भरा. सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. लेबलाची बाजूही जपा, कारण आवाज धरणारा ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो.

सुरुवात घरी कॉपी केलेल्या सीडींपासून करा. त्यांच्यातलं रंगद्रव्य काळाने आणि उन्हाने उतरतं, छापील सीडींच्या आधी त्या जातात. कार्ड हरवलं असेल तर त्या मैफलीला गेलेल्या कुणालातरी विचारा. साथीदार हयात असतील तर थेट त्यांनाच फोन लावा, आम्हाला आनंदच होतो. संगीतसभांनी आपल्या जुन्या सीडींची साथीदारांसह यादी करून आपल्या गावच्या वाचनालयात ठेवावी. फाइलींची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. आणि कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय एकही डबी रद्दीत देऊ नका.