जहाज कुणासाठी थांबत नाही

वरळीच्या बीडीडी चाळीतून हाजीअलीला निघताना आम्ही आधी भरतीची वेळ पाहतो. पाणी चढलं की दर्ग्याची वाट बुडते. क्रूझचंही तसंच. मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज मुरगाव बंदरात लागतं. उतरून पणजी पाहायला गेलो, तर सुमारे ३० किलोमीटर परत यायचं असतं. जहाजावर चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते. तीच घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. दूरचं आधी पाहावं. जोहरची नमाज, जेवण, खरेदी बंदराजवळ वास्कोत उरकावी. ओळखपत्र जवळ असावं. सोबत अम्मी-अब्बा असतील, तर तासभर आधीच निघावं. जहाज चुकलं, तर पुढचा प्रवासखर्च सहसा आपल्याच माथी येतो.