पेट शॉप: बंदी हवी की नोंदणी?

दुकानांतून पाळीव प्राणी विकू द्यावेत का, यावर प्राणीमित्रांमध्येच दोन गट आहेत. बंदी मागणारे परदेशाकडे बोट दाखवतात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून दुकानांना फक्त निवारा केंद्रांतली कुत्री, मांजरे, ससेच ठेवण्याची अट आली. इंग्लंडने २०२० मध्ये सहा महिन्यांखालील कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांची दलालांमार्फत होणारी विक्री थांबवली.

दुसरा गट म्हणतो, बंदी आली तर हाच धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल आणि तिथे तपासायला कोणी जाणार नाही.

भारतात नियम आहेत. २०१७ चे नियम श्वान पैदाशीला, तर २०१८ चे पेट शॉपना लागू होतात. दोन्हींत राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही.

म्हणूनच नवी बंदी आणण्याआधी महापालिकांनी दुकानाचा परवाना या नोंदणीला जोडावा. पावतीवर पैदासकाराचा क्रमांकही हवा. काचेमागचे पिल्लू सगळ्यांना दिसते. वारंवार पिल्ले काढून घेतलेली त्याची आई कोणालाच दिसत नाही. नियम तिच्यापर्यंत पोहोचायला हवा. तोवर ग्राहकाने एकच विचारावे: याची आई कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर पिल्लू घेऊ नये.